शंका-समाधान : लॉनमध्ये उगवलेलं रब्बीचं तण

दिवाळी सरली की पुण्यातली लॉनं पिवळसर पडायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्यात भलतंच काहीतरी हिरवंगार दिसू लागतं. संक्रांतीच्या आसपास या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ही तक्रार ठरलेली असते. यंदा अशी पत्रं बरीच साचली, म्हणून गुलाबावरचा मावा आणि कढीपत्त्यावरचे ठिपके पुढच्या वेळी. आज फक्त तणं. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या बंगल्यापुढे दीडेक गुंठा लॉन आहे. डिसेंबरात त्यात एक नाजूक, जमिनीलगत पसरणारं रोप येतं आणि जानेवारीत त्याला निळी फुलं लागतात. नातीला ती फार आवडतात, मला मात्र लॉनची काळजी वाटते. एप्रिलमध्ये ते आपोआप नाहीसं होतं आणि पुढच्या थंडीत आणखी जागा व्यापतं. नमुना सोबत पाठवला आहे. हे काय आहे आणि घालवायचं कसं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : रोप मुळासकट, फुलासकट आणि बोंडासकट वर्तमानपत्रात दाबून पाठवलंत, त्यामुळे अंदाज बांधत बसावं लागलं नाही. ही अॅनागॅलिस आर्वेन्सिस. नव्या वर्गीकरणात तिला लायसिमॅकिया आर्वेन्सिस म्हणतात आणि उत्तरेकडच्या शेतकी पुस्तकांत ती कृष्णनील या नावानं भेटते. आपल्याकडे ती मुळात गव्हा-हरभऱ्याच्या शेतातली. युरोपात हिची फुलं बहुधा शेंदरी असतात. ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ या १९०५ च्या कादंबरीतला नायक हेच फूल आपली खूण म्हणून वापरतो. आपल्या भागात मात्र ती निळीच दिसते.

इतर वाचकांनाही ओळख पटावी म्हणून जरा सविस्तर सांगतो. दांडी बोटांत धरून फिरवा : ती गोल नाही, चौकोनी लागते. पानं समोरासमोर, बिनदेठाची, थेट दांडीला चिकटलेली. पान उलटं केलं की पाठीवर काळसर बारीक ठिपके दिसतात. फूल पाच पाकळ्यांचं, गडद निळं, मध्यभागी जांभळट लाल डोळा, आणि भिंगातून पाहिलं तर पुंकेसरांच्या तंतूंवर जांभळी लव. ऊन चढल्यावर ते उघडतं, दुपारी मिटतं, आणि मळभ असेल त्या दिवशी उघडण्याचे कष्टच घेत नाही. संध्याकाळी कामावरून येऊन लॉनवर नजर टाकणाऱ्याला ते दिसतच नाही. मग एखाद्या रविवारी सकाळी एकदम शेकडो फुलं दिसतात आणि तण रातोरात आलं असं वाटतं. प्रत्यक्षात ते नोव्हेंबरपासून तिथेच असतं.

फूल गळल्यावर देठ खाली वाकतो आणि टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं गोल बोंड धरतं. तुमच्या नमुन्यावर एक बोंड पिकलेलं होतं. टाचणीनं हलकेच दाबलं तर बरोबर मध्यावर गोल चीर पडली आणि वरचा अर्धा भाग झाकणासारखा निघाला. आत वीसेक तपकिरी, कोनदार बिया होत्या. एका रोपावर अशी किती बोंडं असतील ते तुम्हीच मोजून पाहा. या बिया सगळ्या पुढच्याच वर्षी उगवत नाहीत. काही जमिनीत वर्षानुवर्षं थांबतात आणि माती हलली, उजेड लागला, गारवा आला की वर येतात.

हिच्यासारखं दिसणारं आणखी एक थंडीचं तण म्हणजे स्टेलारिया. ते उत्तरेकडे आणि थंड डोंगराळ भागात जास्त. त्याची दांडी गोल असते आणि तिच्या एकाच बाजूला केसांची रांग असते. फूल पांढरं, पाकळ्या पाचच, पण इतक्या खोल चिरलेल्या की दहा वाटाव्यात. हा फरक सांगण्याचं कारण असं की परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत स्टेलारियाची कोशिंबीर करून दाखवतात. तुमच्या लॉनमधल्या रोपाची कृपा करून करू नका. अॅनागॅलिस गुराढोरांना विषारी आहे, आणि काहींच्या हाताला ती हाताळून खाजही सुटते. नातीला फुलं पाहू द्या, तोंडात घालू देऊ नका.

आता ही का येते, ते पाहू. पुण्याचा पाऊस ऑक्टोबरात आटोपतो. जानेवारीत वेताळ टेकडीवर जाऊन पाहा : गवत वाळून कोळ, जमीन कोरडी ठणठणीत. तिथे ही वनस्पती शोधून सापडायची नाही. थंडीत उगवून उन्हाळ्याआधी मरणाऱ्या तणांना गार रात्री लागतात आणि ओली जमीन लागते. गार रात्री पुण्याची हवा देते, ओली जमीन तुमची नळी देते. म्हणजे रोज पाणी मिळणारं लॉन हे तणाच्या लेखी रब्बीचं बागायती शेत, आणि त्यातही मुख्य पीक झोपलेलं. आपल्याकडच्या लॉनमधली हरळी काय किंवा नर्सरीवाले कार्पेट, मेक्सिकन म्हणून विकतात ती गवतं काय, सगळी उष्ण हवामानाची आहेत. रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आला की त्यांची वाढ जवळजवळ थांबते. चटई विरळ होते, मधे माती उघडी पडते आणि त्या उघड्या मातीवर हे बी उगवतं. तणानं लॉन खाल्लं असं आपण म्हणतो, पण खरं तर लॉननं जागा सोडलेली असते.

उपाय दोन, आणि दोन्हींची वेळ वेगळी. आत्ताचा उपाय हातानं उपटण्याचा. हिचं मूळ बारीक आणि एकेरी असतं, खाली गड्डा नसतो आणि तुटलेल्या मुळाला फुटवा येत नाही. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, सकाळी खुरप्याचं टोक बुडख्याखाली घालून रोप उचला. दीड गुंठ्याला दोन माणसांचं सकाळचं काम आहे. फुलं संपल्यावर काढू, असा बेत मात्र करू नका, कारण या रोपावर वरच्या टोकाला फूल आणि खालच्या पेरावर पिकलेलं बोंड एकाच वेळी असतं. उपटलेली रोपं पोत्यात भरा. लॉनच्या कडेला ढीग करून ठेवलीत तर बोंडं वाळून तिथेच उघडतील.

खरा उपाय पुढच्या ऑक्टोबरचा. पाऊस गेल्यावर, लॉन अजून जोमात असताना, जिथे जिथे टक्कल पडलंय तिथे हरळीच्या लाद्या किंवा मुळ्या लावून ती जागा भरून घ्या. दसरा ते दिवाळी हा काळ त्यासाठी उत्तम. हवा उबदार असते, गवत महिन्याभरात धरतं. नोव्हेंबरात बी उगवायला मोकळी माती मिळाली नाही की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं पुढच्या पत्राच्या उत्तरात.

प्रश्न : सोसायटीचं लॉन थंडीत पिवळं पडतं. माळी रोज पाणी देतो, दर आठवड्याला मशीन अगदी खाली लावून कापतो आणि डिसेंबरात युरिया टाकतो. तरी लॉन हिरवं होत नाही आणि तण वाढतं. आणखी काय करायला हवं?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : आणखी काही नको, आहे त्यातलं बरंच कमी करा. माळीबुवांची तिन्ही कामं उन्हाळ्यात योग्य आहेत, फक्त थंडीत ती तणाच्या फायद्याची ठरतात. युरिया घ्यायला गवत जागं असावं लागतं. डिसेंबरात जागं असतं ते तण, म्हणून खत त्याच्या पदरात पडतं. नत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला द्या आणि नंतर थेट फेब्रुवारीअखेर, रात्री उबदार व्हायला लागल्या की. मधल्या काळात पोतं गोदामात राहू द्या.

रोजचं पाणी बंद करा. थंडीत बाष्पीभवन कमी, त्यामुळे पाच-सहा दिवसांतून एकदा, पण चार बोटं माती भिजेल इतकं पाणी लॉनला पुरतं. रोजच्या फवाऱ्यानं फक्त वरचा पापुद्रा ओला राहतो, आणि तणाचं बी असतं ते त्याच पापुद्र्यात. टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांनी तर हे वाक्य सूचनाफलकावर लावावं.

मशीनचं पातं वर घ्या. हरळीचं लॉन थंडीत दीड इंचाच्या खाली कापू नये, कारण उंच गवताची सावली जमिनीवर पडते आणि बऱ्याचशा बारीक बिया उजेडाशिवाय उगवत नाहीत. खाली कापून तण मरेल हा समजही तपासून पाहा. जमिनीला लोळणारी अॅनागॅलिस पात्याच्या खालून सुखरूप निसटते, कापली जाते ती हरळी. पिवळं लॉन हे आजारी लॉन नव्हे. पुण्यात जानेवारीत ते तसंच दिसायचं, आणि मार्चमध्ये काही न करता हिरवं व्हायचं. एवढं कार्यकारिणीला पटलं तर माळ्याचं अर्धं काम वाचेल.

प्रश्न : दर वर्षी पावसाळ्यानंतर आम्ही लॉनवर लाल माती आणि शेणखत पसरतो. त्यानंतरच तण येतं असा माझा संशय आहे. शेणखताऐवजी गांडूळखत वापरलं तर?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : संशय बरोबर आहे. गुरं चारा खातात, चाऱ्याबरोबर तणाचं बीही खातात, आणि कठीण कवचाच्या अनेक बिया जनावराच्या पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात. खताचा ढीग नीट रचला, ओला ठेवला, मधूनमधून उलथला तर आतलं तापमान पंचावन्न-साठ अंशांवर जातं आणि बहुतेक बिया मरतात. पण ट्रकनं दारात येऊन पडणारं शेणखत असं कुजवलेलं क्वचितच असतं. हातात घेऊन पाहा. शेणाचा वास येत असेल, गवताची काडी ओळखू येत असेल, तर ते लॉनवर टाकू नका.

गांडूळखताबद्दल मात्र एक गैरसमज आहे. गांडुळं उष्णतेत जगत नाहीत, म्हणून त्यांचा वाफा गारच ठेवावा लागतो. म्हणजे बी मारणारी उष्णता तिथे नसते. कच्चा माल आधी ढिगात तापवून मग गांडुळांना दिला असेल तरच ते खत निर्धोक.

विकत घेतलेल्या खता-मातीची परीक्षा घरीच घेता येते. तिचा एक पसाभर थर जुन्या ताटलीत पसरा, ओला ठेवा, दोन-तीन आठवडे वाट पाहा. काय उगवतं ते डोळ्यांनी दिसेल आणि नर्सरीवाल्याशी बोलायला पुरावाही हातात राहील. लाल मातीलाही हीच परीक्षा लावा. ती कुठल्या शेताच्या वरच्या थरातून उचलली आहे हे कुणी सांगत नाही.

नवं लॉन करणार असाल तर आणखी सोपं. जमीन तयार करून लगेच गवत लावू नका. पाणी देऊन तण उगवू द्या, तीनेक आठवड्यांनी माती खोल न हलवता ते वरच्यावर खरवडून काढा, जमल्यास पुन्हा एकदा करा. एप्रिल-मे हातात असेल तर ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून, कडा मातीनं बुजवून चार ते सहा आठवडे ठेवा. पुण्याच्या उन्हाळ्यात वरच्या दोन-तीन इंचांतल्या बहुतेक बिया त्यात भाजून निघतात. प्लॅस्टिक पारदर्शकच हवं. काळ्या प्लॅस्टिकखाली माती तेवढी तापत नाही.

प्रश्न : लॉन मोठं आहे, हातानं तण काढणं परवडत नाही. एकानं ग्लायफोसेट सुचवलं, दुसऱ्यानं २,४-डी. कोणतं मारावं?
— सोसायटीचे एक सचिव, औंध

उत्तर : ग्लायफोसेट तण आणि लॉन यांत भेद करत नाही. फवारलंत तर दोन आठवड्यांनी तण जाईल, लॉनही जाईल, आणि पुढच्या थंडीत त्या उघड्या मातीवर तणच आधी येईल. शिवाय केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरता येतं. माळ्याच्या हातात पंप देऊन नाही.

२,४-डी रुंद पानांची तणं मारतं आणि गवताला सोडतं, त्यामुळे ऐकायला ते बरं वाटतं. पण त्याचा एस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन वाऱ्याबरोबर जातो. शेजारच्या गच्चीतले टोमॅटो, गुलाब, द्राक्षाचा वेल यांची पानं त्यानं आखडतात आणि वाकडीतिकडी होतात. आणि कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार औषध लेबलवर लिहिलेल्या पिकासाठीच वापरायचं असतं. दुकानदार देईल, पण तुम्ही बाटलीवरचं लेबल वाचा : गहू, मका, ऊस सापडेल. ज्या हिरवळीवर मुलं लोळतात आणि कुत्री गवत चघळतात तिच्यासाठी मी ते सुचवणार नाही. तसंही जानेवारीत फुलावर आलेल्या तणावर औषधाचा परिणाम कमी, आणि ते मार्चअखेर उन्हानं मरणारच असतं. मरणाऱ्याला मारायला पैसे कशाला? तेच पैसे दोन बायांच्या चार दिवसांच्या निंदणीला द्या, आणि ती डिसेंबरात करून घ्या, बोंडं धरण्याआधी.

खरोखरच मोठी मैदानं असतील, खेळाची वगैरे, तर पुण्यातच भारतीय कृषी संशोधन परिषदेचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे, तिथे हिरवळीच्या गवतांवर काम चालतं. त्यांचा सल्ला घेऊन मगच रसायनाचा विचार करा.

आता काही छोटी उत्तरं.

विश्रांतवाडी : नव्या लॉनमध्ये उगवलेलं, पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसणारं रोप म्हणजे चंदनबटवा, आपल्या चाकवताचा रानटी भाऊ. हेही थंडीचंच तण, पण याची काळजी करू नका. ते सरळ वर वाढतं, शेंडा पात्यात सापडतो आणि दोन-तीन कापण्यांत संपतं. खाता येतं का, असं विचारलंय. औषध मारलेलं नसेल आणि ओळख पक्की असेल तर कोवळी पानं ताकातल्या भाजीला चालतात.

कर्वेनगर : तीन बदामी पानांची, आंबट चवीची ती आंबुटी. ती थंडीपुरती नाही, बारमाही आहे. तिची शेंग वाळली की हात लागताच फुटते आणि बी लांब उडतं, शिवाय दांडी जमिनीला टेकेल तिथे मूळ धरते. बहुतेक वेळा ती नर्सरीच्या कुंडीतून घरात येते. नवी कुंडी आणली की वरची बोटभर माती काढून टाकायची सवय लावा. लॉनमधली ओल्या जमिनीतून धाग्यासारखी सावकाश ओढून काढा, तुकडा राहू देऊ नका.

हडपसर : तुमचा नमुना गवत नाही, लव्हाळा आहे. दांडी तिधारी आहे ना? त्याला वरच्या उत्तरातलं काहीही लागू नाही. त्याचा जीव खाली गाठींच्या माळेत असतो. वरून उपटलं की माळ तुटते आणि सुट्या झालेल्या गाठींना नवे कोंब फुटतात. लॉन लावण्याआधी माती वीतभर चाळून गाठी वेचणं हाच त्यावरचा भरवशाचा इलाज. लॉन लावून झालं असेल तर गवत दाट ठेवा आणि कापत राहा. त्याला सावली सोसत नाही.

प्रश्न : कुंपणाबाहेर रिकामा प्लॉट आहे. तिथलं गाजरगवत आता आमच्या लॉनच्या कडेला आलंय. थंडीत तरी ते मरतं ना? आणि हे अमेरिकन गव्हातून आलं हे खरं का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : मरत नाही. पाणी मिळालं तर गाजरगवत पुण्यात कुठल्याही महिन्यात उगवतं. थंडीत ते कोथिंबिरीच्या जुडीसारखं जमिनीलगत पानांचा घेर करून बसतं आणि ऊब आली की दांडा काढतं. त्यामुळे घेर असताना, म्हणजे आत्ताच, ते काढणं सोपं. हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. त्वचेला आणि श्वासाला त्याचा त्रास होतो, आणि एकदा अॅलर्जी जडली की ती सहसा सुटत नाही. पांढरी फुलं आलेली असतील तर घरात दमा असलेल्यानं ते काम करूच नये. एक मोठं झाड हजारो बिया टाकतं, म्हणून फुलाआधीचा आठवडा महत्त्वाचा.

त्यावर पोसणारा मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा, १९८४ मध्ये बंगळुरूत सोडला गेला आणि नंतर महाराष्ट्रातही पसरला. पण थंडीत तो जमिनीत निपचित पडून असतो, पावसाशिवाय वर येत नाही. आत्ता त्याची वाट पाहू नका. रिकाम्या प्लॉटवर जूनमध्ये टाकळ्याचं बी फेकून ठेवा. टाकळा दाट उगवला की गाजरगवताला डोकं वर काढायला जागा उरत नाही.

गव्हाचं म्हणाल तर पुण्याचा त्यात मान मोठा आहे. १९५१ च्या सुमारास प्रा. परांजपे यांना पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर याची तुरळक झाडं दिसली आणि रोला शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती भारतासाठी नवी नोंद म्हणून प्रसिद्ध केली. पीएल-४८० हा अमेरिकी कायदा १९५४ चा आणि भारताशी त्याखालचा करार १९५६ चा. तारखांचा हिशेब मांडला तर पुण्यातली पहिली झाडं त्या योजनेच्या आधीची ठरतात. १९५१ मध्येही अमेरिकेतून धान्य आलं होतं, त्यामुळे गव्हावरचा संशय पुरता फिटत नाही. पण ‘पीएल-४८० चा गहू’ हे ठाम उत्तर त्या तारखांत बसत नाही.

शेवटी नमुने पाठवणाऱ्यांना विनंती. नुसत्या पानाचा किंवा लांबून काढलेला फोटो पाठवू नका. अख्खं रोप मुळासकट काढून, माती झटकून, वर्तमानपत्राच्या घडीत दोन-तीन दिवस वजनाखाली दाबा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं रोप इथे पोहोचेपर्यंत सडतं. फूल आणि फळ असेल तर हवंच. सोबत चिठ्ठीत गाव किंवा भाग, तारीख, जागा उन्हाची की सावलीची, आणि पाणी किती दिवसांनी देता, एवढं लिहा. बी पिकलेलं असेल तर घडीच्या चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा.